देवाच्या दाराला कुलूप कोण लावू शकतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आषाढीच्या निमित्तानं मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की २०२० साली पायी वारी थांबवली तो निर्णय मला पटला होता पण नंतर मंदिरं ज्या पद्धतीनं बंद ठेवली ते पटलं नव्हतं. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. काही पत्रं रागाची आहेत, काहींमध्ये घरातलं माणूस गेल्याचं दुःख आहे. मी जिल्हा कोर्टात वकिली केलेली बाई, त्यामुळे कायद्याचं सांगणारच, पण माझं मतही लपवणार नाही.

*प्रश्न: माझे वडील ४१ वर्षं माउलींच्या पालखीबरोबर चालले. २०२० ला गळ्यात वीणा घालून घरातच अंगणात फेऱ्या मारत होते, आम्ही बघायचो आणि आत जाऊन रडायचो. २०२१ च्या एप्रिलमध्ये ते गेले. आता एकच विचारायचंय, सरकारला वारी थांबवायचा अधिकार होता का? आणि नसेल तर आम्ही गप्प का बसलो?*
*एक वारकरी घर, फलटण तालुका*

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसता आलं नाही.

अधिकार होता. घटनेचं कलम २५ आपल्याला धर्म पाळायचा, आचरायचा, सांगायचा हक्क देतं, पण त्या कलमाचे पहिलेच शब्द सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन राहून असे आहेत. आरोग्य हा शब्द तिथं पहिल्या दिवसापासून आहे, कुणी नंतर घुसवलेला नाही. २४ मार्च २०२० ला केंद्राची ऑर्डर निघाली त्यात सगळ्या धर्मांची प्रार्थनास्थळं लोकांसाठी बंद आणि धार्मिक गर्दीला अपवाद नाही असं स्पष्ट लिहिलं होतं. लाखो माणसं अठरा-एकोणीस दिवस एकत्र चालणार, एकत्र जेवणार, एकाच तंबूत झोपणार, आणि आपल्याकडे तेव्हा ना लस ना पुरेसे बेड. तुमचे वडील स्वतः घरी थांबले याचा अर्थ त्यांनाही ते कळलं होतं असं मला वाटतं.

आणि त्या वर्षी वारी मोडली नाही हे मी मुद्दाम सांगते. आळंदी आणि देहूहून प्रस्थान झालं, मोजक्या माणसांत झालं पण झालं, पादुका तिथंच थांबल्या आणि दशमीला ३० जूनला एसटीनं पंढरपूरला गेल्या. दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, एकादशीची महापूजा झाली, आणि मानाचा वारकरी म्हणून रांगेतला माणूस मिळणार नव्हता म्हणून मंदिरातच वीणेचा पहारा देणाऱ्या जोडप्याला तो मान मिळाला. २०२१ ला मानाच्या दहा पालख्या, प्रत्येकीबरोबर ४० वारकरी, एसटीनं वाखरीपर्यंत आणि पुढचा थोडा टप्पा पायी. मला विचाराल तर अडचणीच्या काळात सरकारनं उपासनेशी कसं वागावं याचं हे चांगलं उदाहरण आहे, कारण गर्दी काढली पण परंपरेचा धागा हातात ठेवला. (२०२१ ला तरी पायी सोडायला हवं होतं असं म्हणणारे होतेच, कीर्तनकार बंडातात्या कराडकरांना पायी निघाल्याबद्दल ताब्यात घेतलं तेव्हा खूप वारकरी दुखावले, तेही मला समजतं.)

माझी तक्रार त्यानंतरची आहे. केंद्रानं ८ जून २०२० पासून कंटेनमेंट झोन सोडून प्रार्थनास्थळं उघडायची मोकळीक दिली. महाराष्ट्रानं दिली नाही, ठीक आहे, आपल्याकडे पेशंट जास्त होते आणि राज्याला जास्त कडक राहायची मुभा होती. पण मग बघा, दारूची दुकानं मे महिन्यात उघडली, मॉल ५ ऑगस्टला, हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेनं, जिम दसऱ्याला, आणि मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा, विहार हे सगळं १६ नोव्हेंबरला, पाडव्याला. बारमध्ये मास्क काढून दोन तास समोरासमोर बसलेलं चालतं आणि मास्क लावून दोन मिनिटांत मुखदर्शन घेऊन बाहेर पडणारा चालत नाही, हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलं? सांगितलं असेल तर ते ऑर्डरमध्ये लिहा ना, लोक समजून घेतात. २०२१ ला तेच परत झालं, एप्रिलमध्ये बंद आणि थेट ७ ऑक्टोबरला घटस्थापनेला उघडलं, मॉल मात्र दोन डोस घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्टपासून सुरू. मी सरकारला नावं ठेवण्यासाठी हे म्हणत नाहीये, त्या काळात निर्णय घेणं सोपं नव्हतं. पण माप एकच पाहिजे. जो धोका दुकानात चालतो तोच धोका देवळातही चालला पाहिजे, आणि जो देवळात चालत नाही तो दुकानातही नको.

आता गप्प का बसलो. खरं म्हणजे आपण गप्प नव्हतो, ऑगस्टच्या शेवटी राज्यभर घंटानाद झाला, ३१ ऑगस्टला प्रकाश आंबेडकर पंढरपुरात आंदोलनाला गेले, ऑक्टोबरमध्ये राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांची पत्रापत्री गाजली. पण ते सगळं राजकारणाच्या बोलीत झालं. कारण द्या, तारीख द्या, एकच नियम लावा असं शांतपणे लेखी मागणारे फार थोडे होते. मी सुद्धा मागितलं नाही, वकील असून. ते मला आजही सलतं.

*प्रश्न: लॉकडाऊन म्हणजे आणीबाणीच होती ना? मग १९७५ सारखे आपले सगळे हक्क गेले होते का? आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर यावरून खूप वाद झाला.*
*टीवायबीए, लातूर*

नाही, आणि हा फरक सगळ्यांनीच नीट समजून घ्या. २०२० ला घटनेतली आणीबाणी जाहीर झालीच नव्हती. सगळं चाललं ते दोन साध्या कायद्यांवर, १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्यामुळे तुमचा एकही मूलभूत हक्क स्थगित नव्हता, कोर्टं (ऑनलाइन का होईना) चालू होती आणि कलम २५ पूर्ण जिवंत होतं, फक्त त्यातल्या आरोग्याच्या अटीवर सरकार बंदी घालत होतं.

कलम ३५२ ची आणीबाणी वेगळी. ती लागली की कलम ३५९ खाली राष्ट्रपती आदेश काढून मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जायचा मार्गच बंद करू शकतात. १९७५ ला २७ जूनच्या आदेशानं १४ (समानता), २१ (जीव आणि व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटकेत मिळणारं संरक्षण) या कलमांचा मार्ग बंद केला होता. २५ त्यात नव्हतं! म्हणजे कागदावर धर्मस्वातंत्र्य शाबूत होतं. पण ४ जुलैला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, आनंदमार्ग, जमाते इस्लामी अशा संघटनांवर एकदम बंदी आली आणि त्यांची माणसं आत गेली, आणि आत गेलेला माणूस २१ नसेल तर सुटकेसाठी दादच मागू शकत नाही. सुप्रीम कोर्टानंही २८ एप्रिल १९७६ ला तेच मान्य केलं, एकट्या न्यायमूर्ती एच. आर. खन्नांनी विरोधी निकाल दिला. जीवाची आणि सुटकेची हमी गेली की पूजेच्या हक्काचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं एक मोठं काम केलं, कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ आता कुठल्याही आणीबाणीत स्थगित करता येत नाहीत. पण २५ ला तसं कवच नाही. भारतानं १९७९ मध्ये नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, त्यात मात्र धर्म आणि विवेकाचं स्वातंत्र्य हे आणीबाणीतही स्थगित करता न येणाऱ्या हक्कांमध्ये आहे. आरोग्यासाठी बाहेरच्या आचरणावर मर्यादा घालता येते, पण हक्कच उचलून बाजूला ठेवता येत नाही. माझ्या मते आपल्या ३५९ मध्ये २० आणि २१ च्या शेजारी २५ सुद्धा यायला हवं. तुमच्या ग्रुपवर वाद घालायचाच असेल तर यावर घाला.

*प्रश्न: आम्ही जैन. २०२० ला पर्युषणात सुप्रीम कोर्टानं मंदिर उघडायला परवानगी दिली म्हणून शेजारच्यांनी आम्हाला टोमणे मारले, की तुम्हाला मिळतं आणि गणपतीला मिळत नाही. खरंच पक्षपात झाला का?*
*सांगली*

ताई, तुमच्या शेजाऱ्यांना नेमकं काय मिळालं होतं ते सांगा. मुंबईतली तीनच मंदिरं, दादर, भायखळा आणि चेंबूर, आणि पर्युषणाचे शेवटचे दोनच दिवस, २२ आणि २३ ऑगस्ट, तेही केंद्राचे सगळे नियम पाळून. राज्यभरची सगळी जैन मंदिरं उघडली असं अजिबात नाही. २२ तारखेलाच गणेश चतुर्थी होती म्हणून कोर्टानं स्वतःच सांगितलं की हा निकाल गणेशोत्सवाला लागू करू नका, तिथली गर्दी वेगळी आहे. त्याच सुनावणीत सरन्यायाधीश बोबडे म्हणाले होते की जिथं पैशाचा संबंध आहे तिथं धोका घ्यायला तयार आणि देवधर्माचं आलं की कोविड आहे म्हणायचं, हे विचित्र वाटतं. फलटणच्या दादांना मी जे लिहिलं तेच ते.

आणि गणपतीला काहीच मिळालं नाही हेही खरं नाही. मूर्तीची उंची मंडळांना चार फूट आणि घरी दोन फूट अशी ठरवून उत्सव झालाच की. लालबागच्या मंडळानं त्या वर्षी मूर्ती बसवली नाही, रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला, तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता आणि मला तो फार मोठा वाटतो. त्याच महिन्यात मोहरमच्या देशभरातल्या जुलूसांना सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलं, पण मुंबईत हायकोर्टानं एका ताजियाला ट्रकमधून, फक्त पाच माणसांसह, ठरलेल्या रस्त्यानं जायला दिलं. पुरीच्या रथयात्रेलाही आधी १८ जूनला स्थगिती आणि मग २२ जूनला परवानगी, पण शहरात कर्फ्यू लावून आणि एका रथाला जास्तीत जास्त ५०० जण, एवढ्या अटींवर. या सगळ्यात धर्म वेगवेगळे आहेत पण कोर्ट विचारतंय एकच, गर्दी आवरता येईल का आणि जबाबदारी कोण घेतंय. जिथं ठराविक जागा, मोजकी माणसं आणि लेखी हमी होती तिथं वाट निघाली.

उलट बाजूही सांगायला हवी. एप्रिल २०२१ ला हरिद्वारचा कुंभ दुसऱ्या लाटेच्या तोंडावर भरला, आणि तो प्रतीकात्मक ठेवा असं पंतप्रधानांचं आवाहन १७ एप्रिलला आलं, तोवर मुख्य शाही स्नानं होऊन गेली होती. श्रद्धाळू माणसाला धोक्यापासून न वाचवणं हा त्याच्या श्रद्धेचा आदर नव्हे. मी देवळं उघडा म्हणणारी असले तरी हे म्हणणारच.

*प्रश्न: माझी नानी मे २०२० मध्ये कोविडनं गेली. दफन करू देणार नाहीत, जाळणार, अशी अफवा मोहल्ल्यात पसरली होती, आणि त्यात तबलिगी जमातच्या नावानं आमच्याकडे भाजीवाला यायचा बंद झाला होता. शेवटी दफन झालं पण त्या दोन रात्री मी विसरू शकत नाही. कायदा खरंच आमच्या बाजूनं होता का?*
*एक मुलगी, ठाणे जिल्हा*

बेटा, होता. आणि ती अफवा हवेतून आली नव्हती म्हणून तुम्ही घाबरलात यात तुमची काहीच चूक नाही. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेनं परिपत्रक काढलं की कोविडनं गेलेल्या सगळ्यांचं, धर्म कुठलाही असो, दहनच होईल. काही तासांत, त्याच दिवशी, ते बदललं आणि मोठ्या कब्रस्तानांत दफनाला मुभा दिली. पण पहिली बातमी जितकी पसरते तितकी दुरुस्ती पसरत नाही. केंद्राच्या मार्च महिन्यातल्या सूचनांत तर दफन आणि दहन दोन्ही चालतं असंच लिहिलेलं होतं.

मग वांद्र्याच्या काही रहिवाशांनी तिथल्या कब्रस्तानांत कोविडचे मृतदेह पुरू नयेत म्हणून याचिका केली, आणि २२ मे २०२० ला मुंबई हायकोर्टानं ती फेटाळली. मृतदेहापासून ही साथ पसरते याला शास्त्रीय आधार दाखवलेला नाही, आणि सन्मानानं अंत्यविधी होणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्ट म्हणालं. निकालाचा दिवस तुमच्या नानींच्या आसपासचाच आहे. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा होती, ती सगळ्यांनाच होती, माझ्या सख्ख्या मावशीला खांदा द्यायला आम्ही सहा जण होतो.

जमातचं म्हणाल तर दिल्लीत भरलेल्या त्यांच्या धार्मिक मेळाव्यातून साथ पसरली का हा आरोग्याचा प्रश्न होता, त्याची चौकशी व्हायलाच हवी होती. पण त्यावरून सगळ्या समाजाकडे बोट दाखवलं गेलं तो अन्याय होता, आणि हे मी एकटी म्हणत नाहीये. अहमदनगर जिल्ह्यात जमातच्या २९ परदेशी पाहुण्यांवर व्हिसाच्या आणि साथरोगाच्या कलमांखाली गुन्हे दाखल झाले होते, ते औरंगाबाद खंडपीठानं २१ ऑगस्ट २०२० ला रद्द केले. साथीच्या काळात सरकारं बळीचा बकरा शोधतात आणि इथं तसं झालेलं दिसतं, असा त्या निकालाचा आशय होता, आपल्या अतिथी देवो भव परंपरेची आठवणही कोर्टानं करून दिली. (खंडपीठातल्या दुसऱ्या न्यायमूर्तींना गुन्हे रद्द करणं मान्य होतं, निकालातली काही निरीक्षणं मात्र मान्य नव्हती, हेही नोंदवते.)

आणीबाणीच्या काळात धर्मस्वातंत्र्य म्हटलं की आपण फक्त देवळाच्या दारापाशी थांबतो. पण तुमच्या दोन रात्रीच जास्त महत्त्वाच्या आहेत. देऊळ चार महिने उशिरा उघडलं तरी उघडतं, नानीचा अंत्यविधी परत करता येत नाही.

*प्रश्न: आमच्या पणजोबांच्या आठवणीत प्लेगच्या वेळी गोरे सोल्जर देवघरात बुटानिशी शिरले असं घरात सांगतात. तुम्ही लिहिलेला १८९७ चा कायदा तोच का? आणि तो अजून आहे?!*
*शनिवार पेठ, पुणे*

तोच. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, ४ फेब्रुवारी १८९७ ला हा कायदा झाला, मुळात चारच कलमांचा, आणि त्यातलं सगळं वजन एका वाक्यावर: सरकारला वाटतील ते विशेष उपाय करावेत. कारणं लिहा, मुदत घाला, कुणाचं ऐकून घ्या, यातलं काही त्यात नव्हतं. चौथं कलम तर अधिकाऱ्यांना संरक्षण देणारं, सद्भावनेनं केलं म्हटलं की त्यांच्यावर दावा नाही.

पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीनं घरोघर झडत्या घ्यायला सैनिक लावले. तुमच्या घरची आठवण त्या काळच्या तक्रारींशी जुळते, स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट घालून शिरणं, सामान रस्त्यावर टाकणं, बायकांची तपासणी परक्या पुरुषांनी करणं. २२ जूनच्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटपून गणेशखिंडीच्या रस्त्यानं परतताना चाफेकरांनी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या, आयर्स्ट जागेवर गेला आणि रँड ३ जुलैला. पुढं टिळकांना केसरीतल्या मजकुरावरून राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा झाली. त्याच टिळकांनी प्लेग खोटा आहे असं कधी म्हटलं नाही, उलट हिंदूंसाठी वेगळं प्लेग हॉस्पिटल काढलं, म्हणजे लोकांना उपचारही मिळावेत आणि सोवळंओवळंही सांभाळलं जावं. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. मुंबईहून निघणारी हजयात्राही त्या वर्षी सरकारनं थांबवली होती.

मला या इतिहासातून एक गोष्ट कायम दिसते, की रोग खरा होता आणि बरेचसे उपायही गरजेचे होते, पण ते ज्या पद्धतीनं लादले त्यानं लोकांचा विश्वास गेला, आणि विश्वास गेला की लोक पेशंट लपवतात. देवघराबाहेर बूट काढायला किती वेळ लागतो? कायदा अजून तोच आहे. २०२० ला त्यात दुरुस्ती झाली ती डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी, चांगलीच झाली, पण सामान्य माणसाच्या घराबद्दल, देवाबद्दल, मयताबद्दल त्यात आजही एक ओळ नाही. पुढची साथ यायच्या आधी ती यायला हवी.

*प्रश्न: मुलाकडे न्यू जर्सीत असताना मी २०२० चं वर्ष तिथंच अडकले, तिथंही चर्च आणि मंदिरं बंद होती. अमेरिकेत कोर्टानं ती उघडली असं मुलगा म्हणतो, खरंय का?*
*सध्या डोंबिवली*

अर्धं खरंय काकू. मे २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका चर्चची मागणी तिथल्या सुप्रीम कोर्टानं ५ विरुद्ध ४ नं नाकारली. मग सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती गिन्सबर्ग गेल्या, नव्या न्यायमूर्ती आल्या, आणि २५ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या प्रकरणात ५ विरुद्ध ४ नं उलटा निकाल लागला. तिथं रेड झोनमध्ये प्रार्थनेला १० आणि ऑरेंज झोनमध्ये २५ माणसांची मर्यादा होती, इमारत हजार माणसांची असली तरी तेवढीच, आणि शेजारच्या बऱ्याच दुकानांना मात्र अशी काही मर्यादाच नव्हती. फ्रान्समध्येही नोव्हेंबर २०२० ला कुठल्याही प्रार्थनास्थळात सरसकट ३० माणसं असा नियम निघाला, तो तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं चार-पाच दिवसांत बदलायला लावला, कारण छोटं चर्च आणि मोठं कॅथेड्रल यांना एकच आकडा कसा लावणार. आपल्याकडेही सरसकट बंदीऐवजी जागेच्या मापानं माणसं असं म्हणता आलं असतं.

*प्रश्न: मी आमच्या गावच्या देवस्थानचा ट्रस्टी आहे. मध्यंतरी शेजारच्या शहरात दंगल झाली म्हणून आमच्याकडेही जमावबंदी लागली, यात्रा तोंडावर होती. वरून तोंडी निरोप आला की देऊळ बंद ठेवा, आणि गावातल्या एका पदाधिकाऱ्यानं गाभाऱ्याला कुलूप घालून चावी घेऊन गेला, तीन दिवस देवाला पाणी नाही. असं परत झालं तर काय करायचं?*
*मराठवाडा*

तुमचा प्रश्न शेवटी ठेवला कारण याचा उपयोग सगळ्यांनाच आहे, देवस्थान असो, मशीद असो, चर्च असो.

आधी ते कुलूप. २०२० च्या सगळ्यात कडक दिवसांतही बंदी होती ती लोकांना, नित्यपूजेला नाही. पंढरपुरात काकडा, पूजा, नैवेद्य, शेजारती हे सगळं पुजाऱ्यांच्या हातून रोज चालू होतं, मशिदीत अजान आणि आतल्या तीन-चार जणांची नमाज चालू होती. तुमच्या पदाधिकाऱ्यानं जे केलं त्याला कुठल्याही ऑर्डरचा आधार नव्हता, चावी मागायचा हक्क तुम्हाला होता आणि पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्यायला हवी होती.

दुसरं, तोंडी निरोपावर देऊळ बंद करू नका. जमावबंदी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली लागते, पूर्वीचं १४४. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या लेखी आदेशानंच लागते, आयुक्तालय असेल तिथं पोलीस आयुक्तांच्या, आणि दोन महिन्यांच्या वर चालत नाही, राज्य सरकारनं वाढवली तरी आणखी सहा महिनेच. प्रत मागा आणि नीट वाचा, बऱ्याचदा त्यात देवळाचा उल्लेखच नसतो, पाचपेक्षा जास्त माणसं जमू नयेत एवढंच असतं. तसा आदेश लोकांना कळेल असा प्रसिद्ध झाला पाहिजे आणि धोक्याच्या प्रमाणात असला पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं १० जानेवारी २०२० ला काश्मीरच्या प्रकरणात सांगितलेलं आहे.

तिसरं, त्याच कलमात एक सोय आहे जी फारच थोडे ट्रस्टी वापरतात. आदेशानं ज्याला त्रास होतो तो त्याच दंडाधिकाऱ्याकडे आदेश बदला किंवा रद्द करा असा अर्ज करू शकतो, त्यांनी तुमचं म्हणणं लवकर ऐकून घ्यायचं असतं आणि अर्ज नाकारला तर कारणं लेखी द्यायची असतात. अर्जात नुसतं आमची शेकडो वर्षांची परंपरा आहे असं लिहू नका. किती माणसं, कुठल्या रस्त्यानं, किती वाजता सुरू आणि किती वाजता संपणार, स्वयंसेवक किती, कुणाचा मोबाइल नंबर, पालखी खांद्याऐवजी गाडीतून नेणार का, हे लिहा. वाराणसीच्या दोषीपुऱ्यात शिया आणि सुन्नींचा वाद होता, वर्षानुवर्षं मोहरम आला की बंदीचा आदेश निघायचा, तेव्हा सुप्रीम कोर्टानं १९८१ मध्ये म्हटलं की ज्याचा हक्क कायद्यानं ठरलेला आहे त्याला संरक्षण देण्यासाठी हे अधिकार वापरा, त्याच्यावरच बंदी घालणं हा शेवटचा उपाय. त्या निकालाचं नाव गुलाम अब्बास विरुद्ध उत्तर प्रदेश, अर्जात बिनधास्त लिहा, देऊळ हिंदूंचं असलं तरी.

एवढं करूनही नाही म्हणाले तर हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ तुम्हाला जवळ आहे, कलम २२६ खाली याचिका करता येते, पण यात्रेच्या आदल्या दिवशी जाऊ नका, कोर्टालाही वाट शोधायला दोन दिवस लागतात.

आणि शेजारच्या वस्तीतल्या मशिदीच्या ट्रस्टींनाही या अर्जाची माहिती द्या. तुमच्या यात्रेनंतर त्यांचा उरूस किंवा ईद येईलच, तेव्हा तेच दंडाधिकारी असतील आणि तुमच्या अर्जावर काय निर्णय दिला ते त्यांनाही दाखवता येईल. दोघांनी मिळून एकदा तहसील ऑफिसला जाऊन या, पोच घ्या, आणि पोचेवर तारखेचा शिक्का आहे ना ते तिथंच बघून घ्या.